मासे बघायला आलेली माणसं

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या हिंडलग्याच्या गल्लीत सकाळी दोन वास येतात. एक मागच्या परड्यातल्या आंब्याच्या मोहोराचा. दुसरा समोरच्या घराच्या दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कोटाचा. त्या घरातली मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि कोट कितीही धुतला तरी त्यातलं फॉर्मॅलिन जात नाही. हे दोन वास एकत्र आले की समजायचं, प्रॅक्टिकलच्या परीक्षा आल्या. प्राणिशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले त्यालाही आता काही वर्षं झाली. तरी या दिवसांत माझ्या तोंडाला एक खारट चव येते. जिभेच्या मागच्या बाजूला, घशाच्या जरा अलीकडे. गूळ खाऊन जात नाही, चूळ भरून जात नाही. होळी झाली की आपोआप जाते.

ती समुद्राच्या पाण्याची चव आहे. समुद्र घाटाखाली, आणि आम्ही तेव्हा घाटावर, बेळगावच्या वडगावात. पण एका हिवाळ्यात ते पाणी मी नळीनं तोंडानं ओढलं होतं, रोज, कधी दिवसातून चार वेळा.

वडगावात आमचे दोन यंत्रमाग होते. माझे वडील, आप्पा, हातमागावरचे विणकर. यंत्रमाग आणले ते अण्णानं. अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आप्पा गेले तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. शेवटी शेवटी त्यांना बोलता येत नव्हतं. नुसते माझ्याकडे बघत राहायचे. अण्णानं त्यांचा हात धरून सांगितलं होतं, "शाली शिकंल तेवढं शिकवतो, आप्पा. मधी कुणाला येऊ देत न्हाय." मी उंबऱ्यात उभी होते. हा शब्द त्यानं आप्पांना दिला तसा मलाही दिला, असंच मी धरून चालले.

ऐंशी सालानंतरचा दुसरा किंवा तिसरा हिवाळा असेल. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. त्या दिवाळीत आईनं माझ्या लग्नाचा विषय काढला आणि मी साफ सांगितलं, परीक्षा झाल्याशिवाय आणि पुढं धारवाडला जाऊन एम.एस्सी. केल्याशिवाय मी कुणासमोर पाटावर बसणार नाही. आई रडली. वैनी परातीतल्या पिठाकडे बघत राहिली. अण्णा तेवढा म्हणाला, "असूंदे. नको तर नको." विषय संपला. मला वाटलं, संपला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी अण्णा गोव्याहून लोणच्याच्या बरणीतून एक मासा घेऊन आला. बेळगावची भाजी रोज ट्रकनं गोव्याला जाते, आणि त्यातल्या एका ड्रायव्हरशी अण्णाची दोस्ती होती. बोटाएवढा मासा, अंगावर काळे पट्टे, पाठीवर पिवळी झाक. पुस्तकातल्या चित्राबाहेर जिवंत समुद्री मासा मी पहिल्यांदा बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पोट वर करून तरंगला. मी अण्णाला समजावून सांगितलं की पाण्यात हवा नाही, पाणी फिरतं नाही, घाण साचते, मग तो जगणार कसा? अण्णानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग जगंल असं कर की कायतरी. शिकालीस न्हवं तू?"

आज इतक्या वर्षांनीही त्या वाक्यानं माझ्या अंगावर जो आनंद आला होता तो मला आठवतो. माझ्या शिक्षणाचा घरात कुणाला उपयोग आहे, हे पहिल्यांदाच कुणीतरी बोललं होतं.

मग आम्ही कामाला लागलो. फोटोच्या फ्रेमा करणाऱ्याकडून जाड काच कापून आणली. लोखंडी सांगाडा खाऱ्या पाण्यात गंजेल म्हणून नुसती काचेला काच जोडायची ठरवली. त्यासाठी लागणारी सिलिकॉनची नळकांडी अण्णानं वास्कोहून, बोटींची डागडुजी करणाऱ्या एका माणसाकडून मिळवली. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, अठरा इंच उंच. जोड सुकेपर्यंत आठ दिवस टाकी माजघरात दोरीनं बांधून ठेवली होती, आणि त्या आठ दिवसांत घरभर व्हिनेगरसारखा आंबूस वास होता. मग भाजीचा ट्रक परत येताना त्यातून प्लॅस्टिकच्या कॅनमधून समुद्राचं पाणी आलं. एका खेपेला मीही गेले. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांत, गुडघाभर पाण्यात वाकून अण्णा आणि मी मासे धरत होतो. अण्णाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात चहाची गाळणी. एक मासा निसटला तेव्हा तो लहान पोरासारखा ओरडला. मी इतकी हसले की खडकावर बसले, आणि पाठीमागून लाट येऊन मला सगळी भिजवून गेली.

टाकी मागाच्या खोलीला लागून असलेल्या बाहेरच्या खोलीत ठेवली. माग सुरू असले की टाकीतलं पाणी वरच्यावर थरथरायचं. खाली सायकलच्या जुन्या ट्यूब अंथरल्या तेव्हा कुठं ते शांत झालं. माशांना त्या खडखडाटाची सवय झाली. माग थांबले की मात्र मी धावत टाकीशी यायचे, कारण माग थांबले म्हणजे वीज गेली, आणि वीज गेली म्हणजे हवेचा पंप थांबला.

पहिल्यांदा मी साधी युक्ती केली होती. मोठ्या टाकीशेजारी स्टुलावर थोडी खाली एक धाकटी टाकी ठेवली, तिच्यात वाळू आणि शिंपल्या घातल्या. मोठ्या टाकीतलं पाणी वाकड्या नळीतून आपोआप धाकटीत उतरायचं, गाळून निघायचं आणि हवेच्या बुडबुड्यांबरोबर परत वर चढायचं. वीज होती तोवर झकास चाललं. पहिल्यांदा वीज गेली तेव्हा मी कॉलेजात होते. वर चढणारं पाणी थांबलं, खाली उतरणारं थांबलं नाही. धाकटी टाकी भरून वाहिली, खारं पाणी खोलीभर पसरलं आणि भिंतीशी ठेवलेल्या रंगीत सुताच्या गठ्ठ्यांत शिरलं. मी घरी आले तर आई डोक्याला हात लावून बसलेली. "बघ तुझ्या बहिणीचे उद्योग," ती अण्णाला म्हणाली. अण्णा ओलं सूत पिळत होता. वर न बघता म्हणाला, "सूत काय, धुतलं की वाळतंय. तिला करू दे. चुकल्याबिगर कसं यील?"

कुणावर विश्वास टाकायला माणसाला याहून जास्त काय लागतं?

पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. जर्नलच्या मागच्या पानांवर आकृत्या काढल्या, खोडल्या. शेवटी उत्तर सापडलं ते शेजारी घर बांधणाऱ्या गवंड्याच्या हातात, लेव्हल काढायच्या पारदर्शक नळीत. त्या नळीची दोन्ही टोकं पाण्यात बुडलेली राहिली तर नळी कधीच रिकामी होत नाही. मी काचेच्या दोन छोट्या पेट्या केल्या. एक टाकीच्या आत काठाला टांगलेली, एक बाहेर. टाकीतलं पाणी आतल्या पेटीच्या काठावरून सांडायचं, नळीतून बाहेरच्या पेटीत यायचं आणि तिथून धाकट्या टाकीत. वीज गेली की टाकीतलं पाणी पेटीच्या काठापर्यंत उतरायचं आणि तिथंच थांबायचं. वीज आली की पुन्हा सुरू. आतल्या पेटीच्या काठावरून मासे वाहून जाऊ नयेत म्हणून मी आप्पांच्या हातमागाची बोरूची जुनी फणी कापून तिथं लावली. ज्या काड्यांमधून आयुष्यभर त्यांचे धागे गेले, त्यांतून आता समुद्र जात होता. नळीत थोडी थोडी हवा साचत राहायची. ती काढायला मी नळीच्या माथ्याशी एक बारीक तोटी बसवली होती, तिला तोंड लावून ओढायचं. चव लागली की सोडायचं.

पेट्या बसवल्यावर पहिल्यांदा वीज गेली आणि जमिनीवर थेंबही पडला नाही, तेव्हा अण्णानं माग पुसायच्या फडक्यानं स्वतःचं तोंड पुसलं आणि नुसतं म्हणाला, "लई भारी, शाले." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, असं मला तेव्हा वाटलं.

आणि मग माणसं यायला लागली.

संक्रांतीनंतरची गोष्ट. आधी गल्लीतली, मग शहापुरातली, मग अण्णाच्या ओळखीची म्हणून निपाणीकडची, बोरगावची. "घरात समुद्र आणलाय म्हणं तुमी, बघाय आलोय," अशी म्हणत यायची. रविवारी सकाळी बहुतेक. आई म्हणायची, "मानसं येणार, जरा बरी साडी नेस गं." मी म्हणायचे, "पाणी उडतं आई, चांगली साडी कशाला?" पण नेसायचे. वैनी आतून पोहे घेऊन यायची. एकदा मी तिला म्हटलंही, "वैनी, मासे बघायला आलेल्यांना दर वेळी पोहे कशाला?" ती बशा उचलून आत गेली.

मी मात्र फुलून यायचे. आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्यापासून सगळं सांगायचे, पाणी कुठून सांडतं, कुठं जातं, परत वर कसं येतं. मुद्दाम वीज बंद करून दाखवायचे. बायका विचारायच्या, "हे सगळं तूच केलंस व्हय?" मी हात पुढं करून काचेनं कापलेल्या खुणा दाखवायचे. त्या माझा हात हातात घेऊन उलटसुलट करून बघायच्या. मला वाटायचं, किती आपुलकी! एका गृहस्थांनी माशांची नावं कागदावर लिहून मागितली. मी छान वळणदार अक्षरात लिहून दिली. त्यांनी तो कागद बायकोला दाखवला, घडी घालून खिशात ठेवला.

बोरगावहून आलेल्या मंडळींत एक वयस्कर काका होते. त्यांनी टाकीकडे बघत विचारलं, "उंची किती?"

"अठरा इंच, काका," मी म्हटलं.

सगळी खोली हसली. काका हसले, त्यांच्या मागची बाई पदर तोंडाला लावून हसली, अण्णा दाराशी उभा होता तोही हसला. काय विनोद झाला ते मला समजलं नाही, पण सगळे हसताहेत म्हणून मीही हसले. मनापासून हसले.

या आयुष्यात मला पुसून टाकता आलं असतं तर तेवढं ते हसणं मी पुसलं असतं.

फेब्रुवारीत अण्णा सूत आणायला इचलकरंजीला गेलेला होता. दुपारी पोस्टमननं कार्ड टाकलं, अण्णाच्या नावाचं. आईला वाचता येत नव्हतं, घरात आलेलं पत्र मीच वाचून दाखवायची पद्धत. आई चुलीपुढं बसली होती. मी उभ्यानंच वाचायला लागले. "आपल्याकडील मासे पाहून आनंद झाला. मुलगी मंडळींना पसंत आहे."

मी थांबले. वाटलं, कार्ड चुकून आलंय. वर पत्ता बघितला. आमचाच होता.

"काय लिवलंय? वाच की पुढं," आई म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं. तिचा हात लाकडावर तसाच राहिला. तरी मी वाचलं. मोठ्यानं, एक शब्द न गाळता. "वर्ण सावळा, पण चेहरा हसरा. हात जरा खरखरीत वाटले, तरी कामाची सवय आहे असे दिसते. पाण्याच्या यंत्राची माहिती धीटपणे सांगितली. लग्नानंतर हा नाद राहणार नाही असे धरून चालतो. उंचीचा तेवढा खुलासा त्या दिवशी हसण्यावारी गेला, तो कळवावा."

वैनी आतल्या दारात आली आणि तशीच परत फिरली. म्हणजे तिलाही माहीत होतं. मी टाकीच्या खोलीत गेले. टाकी चालू होती. आतल्या पेटीच्या काठावरून पाणी नेहमीसारखं सांडत होतं. किती रविवार? मी बोटांवर मोजायला लागले. प्रत्येक चेहरा आठवला, आणि प्रत्येक चेहऱ्याच्या पाठीमागं दाराशी उभा असलेला अण्णा.

तो संध्याकाळी आला. मी कार्ड त्याच्यापुढं धरलं.

"अण्णा, ती मानसं मासे बघाय आलती न्हवं?"

त्यानं कार्ड वाचलं, खिशात घातलं. "मासेबी बघाय आलती."

"समदीच?"

त्यानं आणलेलं सूत भिंतीशी लावायला घेतलं.

"मला सांगायचं हुतंस."

"सांगितलं असतं तर बसली असतीस व्हय तू? आईला काय सांगू मी, लोकास्नी काय सांगू? तुला कुणी पाटावर बसवलं न्हाय. मान खाली घालायला लावली न्हाय. तू आपल्या तोऱ्यात बोललीस, ती ऐकून गेली. यात वाईट काय झालं?"

"आप्पांना काय सांगितलं हुतंस?"

त्यावर तो चिडला. मी त्याला चिडलेला फार क्वचित पाहिला होता. "आप्पा गेले. मागं आई नि तू माझ्या गळ्यात. किती दिवस मी एकट्यानं बघायचं?"

म्हणजे मी गळ्यात होते. हेही मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या कार्डावरच्या बोरगावच्या पत्त्यावर स्वतः कार्ड टाकलं. लिहिलं की मी मासे दाखवत होते, स्वतःला नाही. आणि टाकीची उंची अठरा इंच आहे, तीच खरी. मग पुस्तकं पिशवीत भरली आणि अनगोळला मैत्रिणीच्या घरी अभ्यासाला म्हणून राहायला गेले. तिच्या आईनं काही विचारलं नाही. मी निघताना टाकीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर निघाले नसते.

चार-पाच दिवसांनी अण्णा सायकलवरून अनगोळला आला. दारात सायकल टेकवून उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. दाढी वाढलेली, शर्टावर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग.

"नळीत हवा शिरलीया," तो म्हणाला. "पाणी उतरंना झालंय. दोन मासे तळाला बसल्यात. कशी काढायची ती हवा?"

एका वाक्याचं उत्तर होतं. माथ्याच्या तोटीला तोंड लावून ओढ. मी जर त्याला पूर्वी कधी दाखवलं असतं तर तो विचारायला आलाच नसता. पण तेवढं काम मी स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

"ज्यास्नी दाखवलंस त्यास्नी इचार," मी म्हणाले.

तो सायकल वळवून गेला. पायडल मारताना त्याची पाठ वाकलेली दिसली. मी आत येऊन पुस्तक उघडलं. माशांच्या श्वसनाचा धडा होता. मी तो पाठ केला, शब्दन् शब्द. परीक्षेत तोच आला.

घरी परत आले तेव्हा टाकी रिकामी होती. काचेवर मिठाचे पांढरे थर. वैनीनं सांगितलं, अण्णा अनगोळहून परतला त्याच्या तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे गेले. अण्णा सायकलच्या पंपानं हवा घालत बसला होता म्हणे, जेवायलाही उठला नाही.

त्या माशांनी माझं काय वाकडं केलं होतं? त्यांना समुद्रातून मी आणलं, माझ्या भरवशावर ते त्या काचेत राहिले, आणि माझं भांडण भावाशी होतं. विश्वासघात म्हटलं की मी अण्णाकडे बोट दाखवते, पण अनगोळच्या त्या दारात मी काय केलं, हेही मला ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी मी इतकी वर्षं शेजारी शेजारी ठेवून जगले. एकीनं दुसरी फिटत नाही.

बोरगावहून पुन्हा काही आलं नाही. त्या मंडळींत अण्णाचा शब्द खाली पडला, आणि त्यानं परत कधी माझ्या लग्नाचा विषय काढला नाही. मी धारवाडला गेले, शिकले, नोकरी केली, उशिरा आणि माझ्या पसंतीनं लग्न केलं. अण्णा लग्नात राबला. दर दिवाळीला आपल्या मागावरची साडी घेऊन येत राहिला. आम्ही बोलत राहिलो. सुताबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल, पावसाबद्दल. पाहुण्यांत बसला की तो मोठ्या अभिमानानं सांगायचा, "आमच्या शालीनं घरात समुद्र आणलता." ऐकणारे वा वा म्हणायचे. मी उठून आत जायचे.

मला एकच गोष्ट विचारायची होती, आणि चाळीस वर्षं मी ती विचारली नाही. हे सगळं कधी सुरू झालं? संक्रांतीनंतर गल्लीतली माणसं येताना बघून त्याच्या डोक्यात आलं असेल, तर त्याआधीचा हिवाळा माझा राहतो. गुडघाभर पाण्यातली ती गाळणी, पिळलेलं सूत, "चुकल्याबिगर कसं यील" हे सगळं खरं राहतं. एवढं खरं राहिलं तर बाकीचं मी सोडून देईन, असं मी मनाशी कितीदा ठरवलं होतं.

गेल्या आठवड्यात वडगावला गेले. माग विकून झालेत, त्या खोलीत आता पुतण्याची मोटारसायकल असते. अण्णा खुर्चीत उन्हाला बसला होता. ऐकू कमी येतं, पण डोकं स्वच्छ. वैनी देवळात गेलेली. मी खुर्ची जवळ ओढली आणि त्याच्या कानाशी विचारलं.

"अण्णा, मासे बघाय मानसं बोलवायचं तुझ्या मनात कधी आलं?"

त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. कशाबद्दल विचारतेस, असं म्हणाला नाही.

"पैल्यापासनं," तो म्हणाला. "दिवाळीतच आईचं नि माझं बोलणं झालतं. मासा आणला त्येबी त्यासाठीच."

मग तोच पुढं म्हणाला, "पर तू एवढं करशील असं वाटलं न्हवतं. मला वाटलं, काचंत दोन मासे सोडशील, झालं. तू त्ये नळीचं काढलंस तवा माझंच ध्यान न्हाय राह्यलं कशासाठी चाललंय त्येचं. मग रविवार आला की आठवायचं."

त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. त्याचा हात हलका झालाय आता, सुताच्या रिकाम्या कांडीसारखा. मी तो काढला नाही, आणि धरलाही नाही. ऊन त्याच्या पायावरून सरकलं तशी मी त्याची खुर्ची जरा पुढं घेतली, वैनी येईपर्यंत बसले, आणि हिंडलग्याची बस धरली.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर लक्षात आलं, मी त्याच्याकडे खरं मागायला गेलेच नव्हते. "संक्रांतीनंतर," एवढंच तो म्हणाला असता तर मी एका अक्षरानं उलट विचारलं नसतं. तेव्हा इतकं सहज खोटं बोललेल्या माझ्या भावाला या वयात तेवढं एक खोटं माझ्यासाठी बोलता आलं नाही.